भूकंप २०१५ चा, मग नदी आत्ता का चढतेय?

पारसिकवाट (कळवा):

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबतोय पण वाचा प्लीज. आमचा ठाण्याचा ट्रेकिंग ग्रुप आहे, दिवाळीनंतर नेपाळमध्ये लांगटांगला जाऊन आलो. येताना आमच्या गाईडदाईंनी (नेपाळीत दाई म्हणजे दादा) त्यांच्या गावी नेलं, त्रिशूली नदीला मिळणाऱ्या एका छोट्या खोलाच्या, म्हणजे डोंगरी नदीच्या, काठावर गाव आहे. तिथे एक लोखंडी पूल आहे, त्याच्याखाली नेऊन ते म्हणाले की २०१५ च्या भूकंपाआधी डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई इथून ताठ चालत जायची, आणि आता आम्ही सगळे वाकून उभे होतो. पाणी नव्हतंच फारसं, नोव्हेंबर होता. पाणी नाही चढलेलं, दगड चढलेत. पुलाच्या खांबाचा वरचा थोडाच भाग दिसतो, बाकी सगळा गाडला गेलाय, आणि ते दगडही नदीतले गुळगुळीत गोटे नाहीत, ताजे फुटलेले, कडा हाताला लागतील असे. दाईंचं म्हणणं असं की पाऊस पूर्वीही एवढाच पडायचा पण आता चार तास जोरात पडला की गावाला झोप नसते, आणि हे सगळं भूकंपाने केलंय.

परतीच्या बसमध्ये आमच्यात यावरून बराच वाद झाला. निम्मे म्हणाले भूकंप दोन मिनिटांचा असतो, दहा वर्षांनी त्याचा काय संबंध, हा हवामानबदल आहे आणि हिमनद्या वितळतायत. मला दाईंचं पटतंय पण कारण नीट सांगता येत नाहीये. कुणी या विषयातलं असेल तर सविस्तर सांगा. आणि दुसरं म्हणजे पालघरला धक्के बसतच असतात, कोयना आहे, मग आपल्याकडच्या नद्यांना हे लागू होतं का?

ढगाळ_डोंबिवली:

माझ्या मते मुख्य कारण पाऊसच. कमी वेळात जास्त पडतो हल्ली. नेपाळमध्येच २०२१ च्या जूनमध्ये मेलम्चीला केवढा पूर आला, काठमांडूला पाणी नेणारी योजना नुकतीच सुरू झाली होती आणि तिचं हेडवर्क्सच, म्हणजे नदीतून पाणी वळवून घेण्याचं बांधकाम, गाळाखाली गेलं. तेव्हा काही भूकंप झाला नव्हता. प्रत्येक गोष्ट भूकंपावर ढकलून कसं चालेल.

काळापत्थर (नौपाडा):

भूगर्भशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली, आता रिटायर आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

पारसिकवाट, तुमच्या दाईंनी जे दाखवलं ते अगदी बरोबर आहे. ढगाळ, तुम्ही मेलम्चीचं उदाहरण दिलंत ते चांगलंच आहे, पण त्या पुराबरोबर पाण्यापेक्षा दगडमाती किती आली ते बघा. मेलम्ची बाजारात घरांचे खालचे मजले पाण्यात बुडून राहिले नाहीत, गाळात गाडले गेले. एवढा माल आला कुठून? वरच्या भागात भेमाथांगला जुन्या हिमनदीचा आणि दरडींचा मोठा साठा होता, तो पाण्याने कापून आणला, शिवाय त्या खोऱ्यातले उतार २०१५ ला हललेले होते. पाऊस होताच, बर्फ वितळून आलेलं पाणीही होतं, वाटेत दरडीने अडलेलं पाणी फुटल्याचंही अभ्यासकांनी मांडलंय. म्हणजे कारणं एकापेक्षा जास्त. पण पाऊस फक्त ट्रिगर दाबतो, बंदुकीत गोळी आधी भरलेली असावी लागते, आणि डोंगराळ खोऱ्यात ती भरायचं काम मोठा भूकंप एका झटक्यात करतो.

आता क्रमाने. डोंगरात ७ च्या वरचा भूकंप झाला की हजारो दरडी एकाच वेळी कोसळतात. नेपाळच्या २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात, तो ७.८ चा होता, अशा साधारण २५,००० दरडी नकाशावर मोजल्या गेल्या. चीनमध्ये १२ मे २००८ ला वेन्चुआनला ७.९ चा झाला, तिथल्या मोजण्या ६०,००० पासून जवळपास २ लाखांपर्यंत जातात, किती बारीक दरड मोजायची यावर आकडा ठरतो. यातला थोडाच माल थेट मोठ्या नदीत पडतो. बहुतेक सगळा डोंगराच्या अंगावर, घळीत, छोट्या ओढ्यांच्या डोक्यावर अडकून राहतो आणि पावसाची वाट बघतो.

शिवाय ज्या उतारावर दरड पडली नाही तोही पूर्वीसारखा राहत नाही. त्याला भेगा पडलेल्या असतात, झाडांची मुळं सैल झालेली असतात, पाणी आत खोल जायला वाट मिळालेली असते. त्यामुळे पूर्वी ज्या पावसाला तो डोंगर दाद देत नव्हता त्यापेक्षा बऱ्याच कमी पावसात तो आता खाली येतो. तैवानला २१ सप्टेंबर १९९९ ला ची-ची भूकंप झाला, त्यानंतर तिथल्या नद्यांच्या पाण्यात तरंगणाऱ्या गाळाचं प्रमाण तेवढ्याच प्रवाहाला साधारण चौपट झालं होतं, आणि २००१ च्या जुलैमध्ये तोराजी वादळ आलं तेव्हा भूकंपाने खिळखिळ्या केलेल्या त्याच भागात दरडी आणि चिखल-दगडांचे लोंढे पुन्हा आले. भूकंपाला तोपर्यंत जवळजवळ दोन वर्षं होऊन गेली होती.

मग हे सगळं नदीत आलं की दोन वेगळ्या गोष्टी घडतात. बारीक माती पाण्याबरोबर तरंगत जाते, ती लवकर निघून जाते, नदी गढूळ दिसते एवढंच. पण वाळू, खडी, दगडगोटे तरंगत नाहीत, ते तळावरून घरंगळत जातात आणि तेही मोठा पूर असेल तेव्हाच. वर्षातले थोडेच दिवस ते हलतात, बाकी वेळ पडून असतात. जिथे तीव्र उतार संपून नदी जरा सपाट होते तिथे ते साठतात. तुमच्या पुलाखाली तेच झालंय. नदीचा तळच वर आला. मग पाणी तेवढंच असलं तरी त्याला मावायला जागा उरत नाही आणि ते काठाबाहेर पडतं. आपल्याकडे नाल्यात कुणी इमारतीचं डेब्रिज टाकलं की त्याच पावसात आजूबाजूच्या चाळींत पाणी शिरतं, तोच प्रकार, फक्त तिथे टाकणारा डोंगर आहे आणि उचलायला कोणी जात नाही.

ऐरोली_जलवाली:

काळापत्थर सर, मस्त लिहिलंत. मी हायड्रॉलिक्समध्ये काम करते, धरणं आणि पूल दोन्ही. त्यात एक भर घालते कारण आमच्या कामात हा प्रश्न फार महागात पडतो.

नदीवर पातळी मोजायची पट्टी असते. अमुक पातळी म्हणजे अमुक प्रवाह, असा एक तक्ता आधी मोजणी करून बनवलेला असतो आणि पुराचा इशारा त्याच्यावर चालतो. तळ दोन मीटर वर आला की तो तक्ता निकामी. पट्टी सांगते खूप पाणी आलंय आणि प्रत्यक्षात प्रवाह मध्यमच असतो, पण गावात पाणी शिरलेलं असतं. म्हणजे पूर्वी जो प्रवाह दरवर्षी येऊन निमूट जायचा तोच आता पूर म्हणवतो. पुलाची उंची ठरवताना आम्ही जुनी पूरपातळी घेतो आणि वर मोकळी जागा सोडतो, ती जागा दगडांनीच भरून गेली तर पूल ओंडके आणि धोंडे अडवायला लागतो आणि स्वतःच बंधारा होतो, मग पाणी बाजूचा रस्ता फोडून वाट काढतं.

आणि दुसरं, जे मला कायम अस्वस्थ करतं ते म्हणजे भूकंपानंतर लोक घरं परत बांधतात ती बहुतेक नदीकाठच्या सपाट जागेवर, कारण डोंगरात दुसरी सपाट जागाच नसते, आणि मदतीचे पैसे लवकर खर्च करायचे असतात. वेन्चुआन भूकंपाच्या केंद्राजवळचं यिंगश्यू गाव तसंच नव्याने बांधलं होतं. १४ ऑगस्ट २०१० ला जोराचा पाऊस झाला, शेजारच्या होंगचुन घळीतून दगडचिखलाचा लोंढा आला, त्याने मिन नदीचं पात्रच अडवलं आणि नदी वळून नव्या गावात शिरली. भूकंपाला दोन वर्षं आणि तीन महिने झाले होते, एवढ्यात ती माणसं दुसऱ्यांदा बेघर.

शिवसागर_ते_पनवेल:

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. वडील तेल कंपनीत होते त्यामुळे माझं लहानपण सगळं आसाममध्ये शिवसागरला गेलं, पुढे बदली होऊन पनवेलला आलो. तिकडे १५ ऑगस्ट १९५० चा भूकंप म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात सतत असायचा. संध्याकाळची वेळ, स्वातंत्र्यदिन, ८.६ चा धक्का, केंद्र तिकडे तिबेटच्या हद्दीत मिश्मी डोंगरांच्या पलीकडे. पण लोक सांगायचे ते हादऱ्याबद्दल कमी आणि नदीबद्दल जास्त, कारण हादरा एकदाच आला आणि नदी आयुष्यभर पुरली.

डोंगर उघडेबोडके झाले होते, लोहित दिबांग दिहांग सगळ्या नद्यांतून मेलेले मासे, झाडं आणि वाळू येत होती. सुबनसिरी नदी दरडीने अडली होती, ती आठवडाभराने फुटली आणि सात मीटर उंचीची लाट खाली आली, त्यात ५०० च्या वर माणसं गेली. त्यानंतरच्या काही वर्षांत दिब्रुगडजवळ ब्रह्मपुत्रेचा तळ साधारण तीन मीटर वर आला. ब्रह्मपुत्रा ज्यांनी पाहिली नाही त्यांना तीन मीटर फार वाटणार नाही, पण तिथे नदी कित्येक किलोमीटर रुंद असते, तेवढ्या रुंदीवर तीन मीटर वाळू म्हणजे किती होते याचा विचार करा. पात्र उथळ झालं की ती काठ खात सुटते. दिब्रुगड शहराचा मोठा भाग गेला, सादिया हे जुनं गाव नदीत गेलं. मग घाईघाईने दगडी स्पर (काठापासून नदीत आडवे घातलेले बांध) आणि काठाचे बांध घातले, १९५४ च्या सुमाराला.

मी शाळेत असताना दिब्रुगडला नातेवाईकांकडे जायचो तेव्हा बांधावर चढून बघायला आवडायचं. पावसाळ्यात बांधाच्या एका बाजूला नदी आणि दुसऱ्या बाजूला शहर, आणि नदी शहरापेक्षा वर. घरांच्या पत्र्यांकडे नजर खाली टाकून बघावं लागायचं. शहरातलं पावसाचं पाणी नदीत जाऊच शकत नाही, मोठ्या नाल्याने लांब खालपर्यंत न्यावं लागतं. लहान होतो तेव्हा काही वाटलं नाही, आता कळतं की सगळ्या शहराचा जीव त्या बांधावर आहे. आणि ती वाळू तिथेच थांबली नाही, ती खाली सरकत राहिली, बांगलादेशात जमुना (तिकडे ब्रह्मपुत्रेचं नाव) आणि पद्मेतून समुद्रापर्यंत जायला तिला अर्धं शतक लागलं असं नदीचा अभ्यास करणारे लोक सांगतात. १९५० च्या भूकंपाने २००० सालापर्यंत काठची शेतं खाल्ली, तेव्हा बसमधल्या मित्रांना सांगा की दहा वर्षं म्हणजे काहीच नाही.

नेरूळ_सेक्टर_वीस:

सुबनसिरी दरडीने अडली आणि मग फुटली हे जे शिवसागरदादांनी लिहिलं त्याबद्दल अजून सांगा ना कोणीतरी. असे तलाव किती टिकतात? लोकांना हलवायला वेळ मिळतो का?

काळापत्थर (नौपाडा):

नेरूळ, दरडीने बनलेल्या बंधाऱ्यांचा एक जुना अभ्यास आहे, १९८८ चा, त्यात नोंद असलेल्या बंधाऱ्यांपैकी निम्मे दहा दिवसांच्या आत फुटले होते आणि साधारण ८५ टक्के वर्षाच्या आत. सैल मातीदगडांचा ढीग असतो तो, ना सांडवा ना पाया. पाणी वरून वाहायला लागलं की स्वतःची वाट स्वतःच खोल करत जातं आणि काही तासांत सगळं संपतं. चीनमध्ये १७८६ च्या जूनमध्ये भूकंपाने दादू नदी अडली, दहा दिवसांनी फुटली आणि खाली १ लाख माणसं गेल्याची नोंद आहे. भूकंपात त्याच्या मानाने फार कमी गेली होती.

सिंधूचं उदाहरण आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. १८४० संपता संपता नंगा पर्बतच्या पायथ्याशी भूकंपाने डोंगराची सोंड कोसळली आणि सिंधू अडली. खाली अटकेपाशी नदी सहा महिने एवढी आटली की लोकांना आश्चर्य वाटत होतं. जून १८४१ मध्ये बांध फुटला. अटकेजवळच्या सपाटीवर शीख फौजेचा तळ पडलेला होता, तो वाहून गेला. नदी विनाकारण आटली तर वर काय झालंय हे आधी शोधायचं, हे डोंगरातल्या लोकांना पाठ असतं, सपाटीवरच्यांना नसतं.

वेळ मिळतो का, तर कधीकधी मिळतो आणि तेव्हा कामही होतं. वेन्चुआनला तांगजियाशानचा तलाव बनला, सुमारे २५ कोटी घनमीटर पाणी. नवी मुंबईकरांसाठी सांगतो, तुमचं मोरबे काठोकाठ भरलं तरी १९ कोटी घनमीटर होतं. खालच्या मियानयांगच्या भागातून २ लाखांच्या वर लोक हलवले, सैन्याने मशिनरी हेलिकॉप्टरने उतरवून चर खोदला आणि १० जून २००८ ला पाणी त्या चरातून काढून दिलं. माणसं वाचली. याउलट २००५ च्या काश्मीर भूकंपात हट्टियान बालाला झालेला तलाव टिकला असं सगळे समजून चालले होते, तो २०१० च्या फेब्रुवारीत पावसात फुटला. चार वर्षांनी.

पारसिकवाट (कळवा):

बापरे. हे सगळं वाचून एक गोष्ट आता विचारलीच पाहिजे. आमच्या ग्रुपने वर्गणी काढलीय, दाईंच्या गावच्या शाळेला दोन वर्गखोल्या बांधून द्यायच्या असं ठरलंय. गावाने जागा दिलीय ती खोलाच्या काठाला, छान सपाट आहे, मैदानासारखी, बाजूने एक छोटा ओढा येऊन मिळतो. वरच्या अंगाला दुसरी जागा आहे पण तिथे पाणी नाही आणि मुलांना चढून जावं लागेल म्हणून गावाला खालची बरी वाटते. मी फोटो काढलेत तिथले. जमिनीत खड्डा खणलेला होता, त्यात सगळी चिखलमाती आणि मधेमधे मोठे दगड दिसतात, माझ्या कमरेएवढे, कुठेही कसेही अडकलेले. हे काय असतं?

ऐरोली_जलवाली:

पारसिकवाट दादा, कृपा करून तिथे बांधू नका.

तुम्ही जे वर्णन केलंत, बारीक चिखल आणि त्यात मोठे दगड कसेही विखुरलेले, हे साध्या पुराने टाकलेलं नसतं. साधं पाणी माल निवडून टाकतं, दगड एकीकडे, वाळू दुसरीकडे, थरावर थर दिसतात. सगळं एकत्र कालवून टाकलेलं असतं तेव्हा तो दगडचिखलाचा लोंढा असतो, आणि ओढा जिथे नदीला मिळतो तिथली पंख्यासारखी पसरलेली सपाटी अशाच लोंढ्यांनी बनलेली असते. ती जागा सपाट आहे कारण ओढा तिथे परत परत येऊन गेलाय. आता तर ओढ्याच्या डोक्यावर २०१५ चा माल पडलेला असणार आणि समोर नदीचा तळ चढलेला, म्हणजे ओढ्याचा माल पुढे न्यायला नदीत उतारही पुरेसा राहिला नाही. दोन्हीकडून कोंडी आहे तिथे, आणि खोलीत मुलं असणार, जून ते सप्टेंबर शाळा चालू असताना.

वरच्या जागेत पाणी नाही ही अडचण खरी आहे पण ती पाईप ओढून सुटते. बांधायच्या आधी एवढं करा की तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा १९३४ नंतर कुठे कुठे पाणी आणि चिखल आला होता, नेपाळला तेव्हाही ८ चा भूकंप झालेला आहे आणि गावात घरच्यांकडून ऐकलेल्या गोष्टी असतात. ओढ्याच्या वाटेने वर चढून बघा ताजी दरड कुठे अडकलीय का, त्यात भेगा आहेत का. आणि काठमांडूत स्ट्रक्चरचं बघायला एखादा स्थानिक इंजिनियर घ्याच, कारण वरच्या जागेवर पूर नसला तरी उतार आहे आणि पुढचा भूकंपही आहेच.

पारसिकवाट (कळवा):

ताई, मनापासून आभार. फोटो आणि तुमचा हा अख्खा मेसेज रात्रीच ग्रुपवर टाकला आणि दाईंना फोन केला. ते म्हणाले त्यांच्या आजीने त्या मैदानावर कधीच गोठा बांधू दिला नव्हता, फक्त कुणी विचारलं नाही म्हणून हे आतापर्यंत सांगितलं गेलं नाही एवढंच. वरच्या जागेचं ठरतंय. पाईपलाईनचा खर्च वाढतोय, त्यासाठी पुन्हा वर्गणी काढू.

ढगाळ_डोंबिवली:

ओके, मुद्दा पटला. पण एक शंका राहतेच. मग आता हिमालयातला प्रत्येक पूर भूकंपाच्या खात्यात टाकायचा का? ४ ऑक्टोबर २०२३ ला तीस्तेला जो पूर आला, चुंगथांगचं धरण गेलं, त्याच्या आधी २०११ ला सिक्कीमला ६.९ चा भूकंप झालेला आहे. तो पण याचाच परिणाम?

काळापत्थर (नौपाडा):

नाही, तसं म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. तीस्तेच्या वेळी दक्षिण ल्होनाक तलावाच्या काठचा गोठलेला मोरेन, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग, तलावात कोसळला, लाट उठली, तलाव फुटला. त्याचं मुख्य कारण हिमनदी मागे हटणं आणि गोठलेली जमीन सैल होणं हेच. २०२१ च्या फेब्रुवारीत चमोलीला ऋषीगंगेत जे झालं तेही खडक आणि बर्फ एकत्र कोसळून झालं, भूकंप नव्हता. तुमचा हवामानबदलाचा मुद्दा तिथे पूर्ण लागू आहे.

पण तीस्तेत नंतर काय झालं ते बघा. त्या पुराने एवढा गाळ आणला की तळ काही मीटर वर आला आणि २०२४ च्या पावसाळ्यात तीस्ता बाजारला नदी रस्त्यावर आणि घरांत येत होती. माल भूकंपाने आणलेला असो की तलाव फुटून आलेला असो, नदीच्या दृष्टीने पुढचं गणित तेच राहतं. भूकंपाचं वेगळेपण एवढंच की तो एका दिवसात अख्ख्या खोऱ्यातल्या सगळ्या ओढ्यांना एकदम माल पुरवतो, त्यामुळे वाचायला शेजारचं खोरंही शिल्लक राहत नाही. पोखरा शहर ज्या विस्तीर्ण सपाटीवर वसलंय ना, जिथे सगळे पर्यटक जातात, ती सपाटी सेती नदीने आणलेल्या अशाच मालाची आहे, आणि त्या थरांची वयं ११००, १२५५ आणि १३४४ च्या सुमाराच्या मोठ्या भूकंपांशी जुळतात. काही ठिकाणी तो थर दहा-वीस मीटरच्या कितीतरी वर जाड आहे.

किती वर्षं चालतं याचं एक उत्तर नाही. उतारांवर नव्या दरडी पडायचं प्रमाण तैवानमध्ये पाचसहा वर्षांत बरंच खाली आलं, वेन्चुआनला त्याहून जास्त लागली, झाडी परत आली तसं ते कमी होत गेलं. नदीतला जाड माल मात्र दशकं घेतो. डोंगर हिरवा दिसायला लागला की लोकांना वाटतं सगळं मिटलं, आणि तळ त्याच्यानंतरही चढत असतो.

बदलापूर_पूर्व:

माझा साधा प्रश्न, मूळ धाग्यातलाच दुसरा भाग. आमच्याकडे २६ जुलै २००५ ला उल्हासचं पाणी आलं, २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली तेव्हाही आलं. पालघरला डहाणू तलासरीकडे २०१८ च्या नोव्हेंबरपासून धक्के चालू आहेत. कोयनेला १९६७ ला केवढा झाला. मग आपले डोंगर पण सैल होऊन नदीत येतायत का? माळीण, तळिये, इर्शाळवाडी बघितलं की भीती वाटते हो.

काळापत्थर (नौपाडा):

बदलापूर, इथे घाबरवण्यात अर्थ नाही, जसं आहे तसं सांगतो. मोठ्या प्रमाणावर दरडी पाडायला साधारण ६ च्या वरचा भूकंप लागतो आणि तोही डोंगराच्या पोटात. पालघरचे धक्के बहुतेक ४ च्या खालचे, भिंतीला भेगा पाडतात, घरं कच्ची असतील तर माणसं दगावू शकतात, त्यामुळे तिथल्या लोकांची भीती खरी आहे, पण त्याने नदी भरत नाही. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा साडेसहाच्या आसपासचा होता, कोयनानगर पडलं, तिथे डोंगरात भेगा आणि दगड कोसळणं झालं, पण हिमालयासारख्या हजारो दरडी नाहीत. आपला सह्याद्री काळ्या पाषाणाच्या आडव्या थरांचा आहे, हिमालयासारखा चुरडलेला आणि अजून वर उचलला जाणारा नाही.

माळीण ३० जुलै २०१४, तळिये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३, तारखा बघितल्यात तर तिन्ही ऐन जुलै आहेत. कातळावर बसलेली माती पावसाने भिजून सुटली. तिथे भूकंपाला दोष देऊन काहीजण मोकळे होतात ते मला पटत नाही, कारण त्यामुळे उताराची पाहणी आणि वस्ती हलवण्याचं काम मागे पडतं. मुंब्र्याच्या आणि पारसिकच्या डोंगरपायथ्याला किती दाट वस्ती आहे ते पारसिकवाट रोज बघत असतील.

ऐरोली_जलवाली:

सरांच्या म्हणण्याला जोडून, बदलापूर ताई/दादा, भूकंप नसला तरी तळ चढण्याचा भाग आपल्याला लागू होतोच. दरडींची माती, खाणींची खडी, भरावाची माती, सगळं शेवटी नदीतच जातं. २०२१ च्या जुलैत चिपळूण बुडालं त्यानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढायला लोकांना आंदोलन करावं लागलं, मग काढला. गाळ काढून काठावरच ढीग लावला तर पुढच्या पावसात तो परत आत येतो, हेही लक्षात ठेवायला हवं, तो कुठे नेऊन टाकणार हे आधी ठरायला लागतं.

उल्हासचं बोलायचं तर घर घेताना सगळे विचारतात पूररेषेत आहे का. आपल्याकडे निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या. पण त्या रेषा नदीचं पात्र ज्या वर्षी मोजलं त्या वर्षीच्या तळावर आखलेल्या असतात. तळ बदलला की रेषा कागदावर तिथेच राहते आणि पाणी तिच्या पलीकडे जातं. म्हणून रेषा कुठे आहे यापेक्षा ती कुठल्या मोजणीवर आहे हे विचारा. माहिती अधिकाराच्या अर्जात एवढं लिहिलंत तरी चालेल की उल्हास नदीच्या बदलापूर भागातल्या पूररेषेसाठी वापरलेले पात्राचे आडवे छेद कोणत्या वर्षी मोजले आणि त्यानंतर पुन्हा मोजले का, त्याची प्रत द्यावी. अर्ज पाटबंधारे विभागाकडे करायचा, महापालिका किंवा नगरपालिकेकडे केलात तर ते पुढे पाठवण्यात दिवस जातात.